किडनी बसविलेल्यांचे हृदय

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, ज्यांना दुसऱ्याचे मूत्रपिंड लाभले आहे अशा रुग्णांची देखभाल करण्यात माझ्या वैद्यकीय आयुष्याचा बराच मोठा भाग खर्ची पडला. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया मी कधी केली नाही. ती पुण्यास, मुंबईस, औरंगाबादेस, किंवा आमच्या भागाच्या निजामकालीन सवयीप्रमाणे हैदराबादेस होते. आणि ती यथासांग पार पडून, नवस फेडून, रुग्ण आपल्या तालुक्याच्या गावी परतला, म्हणजे ज्या किरकोळ भासणाऱ्या गोष्टींवर त्याचे पुढील पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते त्यांचा दरमहाचा जमाखर्च ठेवण्याचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या आमच्यासारख्या फिजिशियनकडे येते. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने आठवड्यातून एकदा लातूरला जाऊन यायचे आणि उरलेले दिवस नांदेडला बसायचे, हा माझा रिवाज. या उद्योगात जे पाहिले ते, कोणाचेही नाव न घेता आणि ओळख पुसण्यापुरते तपशील बदलून, येथे नमूद करीत आहे.

आमच्याकडे ज्याची ‘किडनी बदलली’ आहे त्यास प्रकृती विचारली, की तो ‘पॉइंट बरोबर आहे’ एवढेच सांगतो. पॉइंट म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा, रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा. हा आकडा घरातील शाळकरी पोरासही तोंडपाठ असतो, तो १.१ वरून १.४ वर गेला तर त्या रात्री घरात कोणास जेवण जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व मंडळी रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या दारात हजर असतात. मात्र त्याच मनुष्याचा रक्तदाब वर्षभर १६० च्या घरात राहिला, वजन भराभर वाढले, उपाशीपोटीची साखर १४० निघाली, तर त्याबद्दल कोणास फारशी खंत वाटत नाही. ते वयोमानाप्रमाणे व्हायचेच, असे समजले जाते. या समजुतीत रुग्णाचा दोष नाही. ज्या मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली तेथे पहिले वर्षभर त्यास हाच एक आकडा विचारण्यात आलेला असतो, आणि तो का विचारला जातो यालाही इतिहास आहे.

१९५४ साली बोस्टन येथे जुळ्या भावांमधील प्रत्यारोपण यशस्वी झाले तेव्हा, दोघांची शरीरे एकाच घडणीची असल्यामुळे, परके मूत्रपिंड शरीराने नाकारण्याचा प्रश्न उद्भवला नव्हता. पुढे मात्र सर्व झगडा या नकाराशीच चालला. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली झालेल्या प्रयत्नात रुग्ण वाचू शकला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातील पहिले यश मिळाले. आणि १९८० नंतरच्या दशकात हा नकार दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर या शस्त्रक्रियेस खरी निश्चिती आली. ज्या काळात बसविलेले मूत्रपिंड वर्षभर टिकणे हेच भाग्य होते त्या काळात वैद्याची दृष्टी क्रिएटिनिनवर खिळून राहिली, हे स्वाभाविकच होय. आता मूत्रपिंड वर्षानुवर्षे टिकते. माणूस मात्र कित्येकदा त्याच्या आधी जातो, आणि त्याचे कारण बहुधा मूत्रपिंडाच्या रिपोर्टात सापडत नाही.

कंधार तालुक्यातील एका शिक्षकांचे उदाहरण मी अनेकांना सांगतो. पत्नीने मूत्रपिंड दिलेले, स्वभाव टापटिपीचा, हस्ताक्षर मोत्यासारखे. त्यांच्याजवळ एक आखीव वही होती आणि तीत तारीखवार क्रिएटिनिन लाल शाईने लिहिलेले होते. सात-आठ वर्षांची ती नोंद पाहिली असता एकही आकडा दीडच्या वर गेलेला नव्हता. रक्तदाबासाठी वहीत रकाना नव्हता. साखर वाढलेली असल्याचे जुन्या कागदांत कोठेतरी होते, पण मुलाची शिक्षणे, मुलीचे लग्न, शाळेची तपासणी यांत ते राहून गेले होते. एका हिवाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागू लागली आणि जेवल्यावर छातीत जळजळे. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला, औषधाच्या दुकानातून एक गुलाबी बाटली आणली, आणि असे काही आठवडे गेल्यावर ते माझ्यापुढे आले. ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा एक झटका पूर्वीच येऊन गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. तो केव्हा आला हे त्यांनाही सांगता येईना, कारण मधुमेहाने नसा बधिर झालेल्यांस हृदयाची कळ जाणवतेच असे नाही. पुढे दीडएक वर्ष त्यांनी काढले. अखेरच्या आजारात केलेल्या तपासणीतही क्रिएटिनिन १.२ होते.

अशा मृत्यूंस वैद्यकीय ग्रंथांत स्वतंत्र सदर आहे: मूत्रपिंड कार्यरत असताना झालेला मृत्यू. पाश्चात्य देशांत या सदरात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार अग्रस्थानी असतात. आपल्याकडे जंतुसंसर्गाचा मान पहिला असून हृदयविकार त्याच्या पाठोपाठ येतो. डायलिसिसवर राहणाऱ्यापेक्षा प्रत्यारोपण झालेल्याच्या हृदयास धोका पुष्कळच कमी असतो, यात शंका नाही. परंतु त्याच वयाच्या निरोगी शेजाऱ्याच्या तुलनेने तो कितीतरी पट अधिक राहतो, आणि ही दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या आनंदात कोणी कोणास सांगत नाही.

याचे मूळ शस्त्रक्रियेच्या आधीच्या वर्षांत असते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तदाब चढतो. अंगात पाणी साठते. ते ढकलण्याच्या श्रमाने हृदयाची डावी जवनिका जाड होते. रक्तातील फॉस्फरस व कॅल्शियम यांचा तोल बिघडतो. आणि लातूरच्या बोअरच्या पाण्याने पाइपांच्या आत जशी क्षारांची पुटे चढतात तशी धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियमची पुटे चढू लागतात. डायलिसिसची वर्षे जितकी जास्त तितका हा संचय अधिक. पस्तिशीचा तरुण प्रत्यारोपणास जातो तेव्हा त्याच्या धमन्या कित्येकदा साठीच्या झालेल्या असतात, आणि नवे मूत्रपिंड त्यांस पुन्हा तरुण करीत नाही. फार तर पुढील ऱ्हास मंदावतो. शिवाय बसविलेले मूत्रपिंड एकच असते. ते पुष्कळदा पन्नाशी उलटलेल्या आईचे असते, कारण आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांचीच संख्या अधिक. आणि त्याची गाळण्याची शक्ती दोन निरोगी मूत्रपिंडांइतकी नसणारच. म्हणजे प्रत्यारोपणानंतरही मनुष्य काही अंशी मूत्रपिंडाचा रुग्णच राहतो.

येथे दफ्तरदिरंगाईविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांच्या बाजारास आळा घातला आणि तो घालणे अत्यावश्यक होते, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण मुखेडसारख्या तालुक्यातील अल्पभूधारक कुटुंबास नात्याचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेवरील नावाची दुरुस्ती हे सर्व गोळा करताना तहसील कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात ते मी पाहिले आहे. कारकुनाच्या दृष्टीने तो एक प्रलंबित अर्ज असतो. रुग्णाच्या दृष्टीने त्यातला प्रत्येक महिना डायलिसिसचा आणखी एक महिना असतो, आणि त्याची नोंद धमनीवर होत असते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. लातूरकरांस नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. या योजनेत प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची मर्यादा ठेवण्यात आली होती, आणि तिच्यामुळे, ज्यांना पूर्वी डायलिसिसखेरीज दुसरा मार्गच नव्हता अशी काही माणसे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली. लवकर पोहोचलेल्यांची हृदये मला पुढे पुष्कळच बरी आढळली.

शस्त्रक्रियेनंतर जे नवे धोके येतात त्यांतील काही नकार दाबणाऱ्या औषधांतूनच येतात, आणि हे रुग्णास समजावून सांगणे फार अवघड जाते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भूक खवळते, वजन वाढते, साखर व रक्तदाब चढतो. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब व कोलेस्टेरॉल वाढते आणि हिरड्या सुजतात. टॅक्रोलिमस त्यामानाने सौम्य, पण मधुमेह उत्पन्न करण्यात तो सायक्लोस्पोरिनच्या पुढे आहे. ज्या औषधांनी मूत्रपिंड टिकते त्यांनीच रक्तवाहिन्या झिजतात. ती थांबवता येत नाहीत. त्यांच्या बाजूने जे येते त्यावर पहारा ठेवणे तेवढे आपल्या हाती असते.

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा याच फेऱ्यात सापडला होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, पुण्यास शस्त्रक्रिया, मूत्रपिंड आईचे. त्याच्या डायलिसिसच्या काळात या माऊलीने त्यास पाणी वाटीने मोजून दिले होते, डाळ व भाजी उकळून तिचे पाणी फेकून दिले होते, केळे-संत्रे घरात आणणे बंद केले होते, आणि दोन वर्षे पंगतीत स्वतःही गोड खाल्ले नव्हते. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी ‘आता सगळे खायला हरकत नाही’ असे म्हटले, ते तिने अक्षरशः घेतले. तूप, शिरा, दुपारी शेंगदाण्याचे लाडू, रात्री मलईचे दूध. त्यातच प्रेडनिसोलोनची भूक. दीड वर्षात तो पंधरा किलोंनी वाढला, आणि जेवणानंतरची साखर २४० निघाली.

त्याने मला विचारले, “डायलिसिसवर होतो तेव्हा शुगर नव्हती, डॉक्टरसाहेब. नवी किडनी बसवली अन् आता शुगर कशी काय आली?” प्रश्न रास्त होता. टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी मंदावतात, स्टेरॉइडमुळे असलेल्या इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, आणि वाढलेले पोट दोहोंस साहाय्य करते, हे मी त्यास सांगितले. आईला ते सांगणे अधिक अवघड होते, कारण ज्या अन्नाने तिने आपल्या मुलाचा पुनर्जन्म साजरा केला त्या अन्नाचा हिशेब मी मागत होतो. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “दोन वर्षं लेकराला उपाशी ठेवलं मी. आता बी तेच करू का?”

या प्रश्नास मजजवळ तयार उत्तर नव्हते. मी तिचाच रक्तदाब पाहिला. दात्याची दरवर्षी तपासणी व्हावी असा दंडक असतो, पण शस्त्रक्रियेनंतर दात्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तिचा रक्तदाब १५० च्या वर होता आणि तिला त्याची वार्ताही नव्हती. मग दोघांना मिळून एकच आहार सांगितला आणि दोघांना मिळून फिरायला सांगितले. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून औषधांच्या मात्रा बेताच्या करण्यात आल्या. औसा रस्त्याने पहाटे ही मायलेकरे चालताना दिसत, असे पुढे मला लातूरच्या इतर रुग्णांकडून कळे. साखर पूर्णपणे गेली नाही, पण इन्सुलिनही लागले नाही. रुग्णास एकट्याने पथ्य पाळायला लावले तर ते शिक्षेसारखे होते आणि टिकत नाही, हे मी त्या घरात शिकलो.

पथ्याच्या बाबतीत आमच्या भागाची अडचण साखरेपेक्षा मिठाची अधिक आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी हे आमचे जेवण मूळचे उत्तमच. पण भाकरीबरोबर ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, पापड आणि येसराची आमटी आली, की दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक दुपारच्या आतच मोडतो. मार्गशीर्ष अमावस्येस, म्हणजे येळवशीस, लातुरात दुकाने बंद असतात आणि सारे शहर शेतावर जाते. तेथे भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली आंबील यांना नाही म्हणणे हा जवळजवळ समाजद्रोह समजला जातो. सुरुवातीस मी त्या दिवशी जाऊच नका असे सांगत असे. कोणी ऐकत नसे, आणि जे ऐकत ते घरी बसून उदास होत. आता मी सांगतो की भज्जी पोटभर खा, ती ताज्या भाज्यांची आणि शेंगांची असते, फक्त आपल्या वाटणीची मीठ कमी घालून आधी बाजूला काढायला लावा, खीर चमचाभर, आंबील कोणाच्या मडक्यातली न घेता घरची ताजी, आणि सायंकाळी परतताना गोळीची वेळ चुकवू नका.

तंबाखूचा प्रश्न विचारण्याची रीतही मला बदलावी लागली. आमच्याकडे ‘व्यसन आहे का?’ असे विचारल्यास मनुष्य दारू समजून ‘नाही’ म्हणतो; ‘धूम्रपान करता का?’ असे विचारल्यास बिडी-सिगारेट नाही म्हणून ‘नाही’ म्हणतो. आणि दोन्ही उत्तरे देताना त्याच्या गालात तंबाखू-चुन्याचा बार असू शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कोठे मिळतो हे सर्वांस ठाऊक आहे. देगलूरकडील एका बाईंचा रक्तदाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात येईना. नव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली असावी या शंकेने सोनोग्राफी झाली. ती निर्दोष निघाली. सहज म्हणून विचारले, “सकाळी दात कशाने घासता?” बाराव्या वर्षापासून मिसरी लावत होत्या, दिवसातून चार-पाच वेळा. ती त्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हती. तिच्यातले निकोटिन नाडी व रक्तदाब वाढवते, हे समजावल्यावरही ती सुटायला वर्ष गेले, आणि सुटल्यावर तिसरी गोळी कमी करता आली. बायकांना हा प्रश्न अद्यापही फार थोडे डॉक्टर विचारतात.

गरिबीत गोळ्या कोणत्या क्रमाने सुटतात, हाही या व्यवसायात शिकण्यासारखा विषय आहे. सोयाबीनचा भाव पडला किंवा पावसाने ओढ दिली, की शेतकरी रुग्णाच्या औषधाच्या पिशवीतून प्रथम कोलेस्टेरॉलची गोळी नाहीशी होते, मग रक्तदाबाची एक, मग दुसरी. “सायेब, किडनीची गोळी एक दिवस चुकवली नाही बघा. बाकीच्या तेवढ्या बंद केल्यात,” असे मला एकाने मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्याचा निर्धार खरोखर वंदनीय होता. दोन एकर विकून बसवून घेतलेल्या मूत्रपिंडाशी तो इमान राखून होता. पण त्याने ज्या गोळ्या बंद केल्या त्यांचा महिन्याचा खर्च, जी तो घेत होता तिच्या पुढे अगदीच किरकोळ होता. त्यास कोणी हे मांडून दाखवले नव्हते. त्या दिवसापासून मी कागदावर प्रत्येक औषधापुढे ‘किडनीसाठी’ असेच लिहू लागलो. यात थोडी लबाडी आहे असे माझा एक सहकारी म्हणतो. मला तसे वाटत नाही, कारण चढलेला रक्तदाब हृदयाइतकाच त्या बसविलेल्या मूत्रपिंडासही खातो.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी प्रमाण विचाराल तर ते आहे. युरोप व कॅनडातील २,१०२ प्रत्यारोपित रुग्णांवर फ्लुवास्टॅटिन या स्टॅटिन वर्गातील गोळीची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुख्य कसोटीवर ती उभारली होती तीवर औषध निर्विवादपणे उतरले नाही, परंतु हृदयविकाराने झालेले मृत्यू आणि जीवावर न बेतलेले झटके हे दोन्ही मिळून पाहता ते सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांस स्टॅटिन द्यावे असे सुचविले, आणि २०२१ च्या तत्त्वांनी रक्तदाब १३०/८० च्या खाली असावा असे सांगितले. उलटपक्षी, फोलिक आम्ल व ब जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेने देऊन रक्तातील होमोसिस्टीन उतरविल्यास हृदय वाचेल ही आशा चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत २०११ साली फोल ठरली. होमोसिस्टीन उतरले, झटके उतरले नाहीत. तेव्हा स्टॅटिन बंद करून त्याच पैशांत ताकदीच्या रंगीत गोळ्या घेणाऱ्यांस मी आता स्पष्ट शब्दांत विरोध करतो. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याने मात्र स्टॅटिन कोणतेही व कितीही घ्यावे असे नाही. सिमव्हास्टॅटिन त्याबरोबर वर्ज्य आहे आणि इतरांचीही मात्रा बेताची लागते, नाहीतर स्नायू दुखावतात.

औषधांच्या या परस्परविरोधाने एकदा फार विचित्र प्रसंग आणला होता. उदगीरकडील एका रुग्णास मोठ्या शहरातील डॉक्टरांनी रक्तदाबासाठी डिल्टियाझेम दिले होते. हे औषध टॅक्रोलिमसचा शरीरातील निचरा मंद करते, त्यामुळे टॅक्रोलिमस कमी मात्रेत पुरते आणि गरिबाचे पैसे वाचतात. कल्पना चांगली होती, पण चिठ्ठीवर तिचा उल्लेख नव्हता. रुग्णाची नाडी मंद भासली म्हणून दुसऱ्या कोणी सद्भावनेने ते बदलून अम्लोडिपिन दिले. रक्तदाब छान राहिला. टॅक्रोलिमसची पातळी मात्र दोन-तीन आठवड्यांत घसरली आणि ‘पॉइंट’ चढला. वेळीच लक्षात आल्याने निभावले. याच्या उलट, साध्या खोकल्यासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन ती पातळी भलतीच चढविते, क्षयावरचे रिफाम्पिसिन ती पार खाली आणते, आणि गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड व रक्तदाब या दोहोंस एकदम दुखावतात. म्हणून माझ्या प्रत्येक कागदावर आता गोळीपुढे ‘किडनीसाठी’च्या जोडीला तिचे नेमके कारणही असते.

हाताच्या फिस्टुलाकडेही लक्ष हवे. डायलिसिससाठी धमनी व शीर जोडून केलेला हा मार्ग प्रत्यारोपणानंतर तसाच राहतो, आणि रुग्ण त्याची थरथर रोज चाचपून पाहतात, कारण मूत्रपिंड गेलेच तर तो उपयोगी पडेल. परिवहन महामंडळातील एका वाहकाचा फिस्टुला दंडापर्यंत फुगला होता. पायांवर सूज, रात्री उशाला दोन उशा, मूत्रपिंड ठणठणीत. हृदयाचे रक्त निष्कारण त्या आडवाटेने धावत होते. फिस्टुला बांधून टाकावा म्हटल्यावर वाहक म्हणाला, “अन् उद्या डायलिसिस लागलं तर?” या भीतीशी वाद घालता येत नाही, तिच्याशी काही महिने बसावे लागले. शेवटी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि दम लागणे बरेच कमी झाले. ऑस्ट्रेलियातील २०१९ च्या एका चाचणीत असे फिस्टुला बांधल्याने डाव्या जवनिकेचे जाडपण उतरल्याचे दिसले आहे. तरीही सरसकट सर्वांचे बांधावेत असे माझे मत नाही; हृदय तक्रार करीत असेल त्याचेच बांधावेत.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येऊ लागले, त्या उन्हाळ्याची आठवण येथील कोणी विसरणार नाही. भरपूर पाणी प्या, असे ज्यांना आम्ही वर्षानुवर्षे बजावले होते ते लोक हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते, आणि घरातील पाणी आपल्यावर अधिक खर्च होते याची लाज वाटून कमी पीत होते. घाम, तहान आणि त्यावर रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या. चक्कर येऊन पडणे आणि क्रिएटिनिन चढणे हे त्या दोन महिन्यांत वारंवार घडले. तेव्हापासून होळीनंतर मी प्रत्येकास उभे करूनही रक्तदाब पाहतो, आणि काहींच्या गोळ्या पावसाळ्यापर्यंत कमी करतो. पुण्यामुंबईच्या चिठ्ठीवर हे लिहून येत नाही.

ज्यांच्या घरी किडनी बसविलेले माणूस आहे त्यांस माझी विनंती एवढीच आहे. दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घरात ठेवा. सकाळी गोळीपूर्वी आणि सायंकाळी मोजा, आणि तो आकडा त्याच वहीत, क्रिएटिनिनच्या शेजारच्या रकान्यात लिहा. साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतील प्रथिने आणि ईसीजी यांची वेळ ठरवून घ्या. ज्याने किडनी दिली त्याचाही रक्तदाब पाहा. आणि या माणसास धाप लागली, छातीत भरून आले किंवा जेवल्यावर पित्त वाटू लागले, तर सोड्याची पुडी शोधत बसू नका. आधी जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या.